निळा गडी

१

पहिली पाळी दोनला सुटायची. अडीचपर्यंत प्रफुल माजरीच्या कॉलनीतल्या आपल्या क्वार्टरमध्ये पोचायचा, दोन बादल्या पाण्यानं अंगावरचा कोळसा उतरवायचा, जेवायचा आणि कूलरसमोरच्या दिवाणावर आडवा होऊन ते यंत्र हातात घ्यायचा. तीनच्या सुमाराला खदानीत ब्लास्टिंग होई. आधी भोंगा, मग जमिनीतून वर आलेला धक्का, मग कपाटातल्या कपबशांची किणकिण. तोवर त्याचा खेळाचा पहिला टप्पा पार झालेला असायचा. बाहेरच्या खोलीत त्याची बायको उर्वशी ब्लाउज शिवत बसलेली असे. शिलाई मशीनची खडखड थांबली की तो समजायचा, आता चहाचं विचारणार.

यंत्र म्हणजे हातात मावणारा कॉम्प्युटर. मध्ये सात इंची पडदा, दोन्ही बाजूंना धरायला मुठी, प्रत्येक अंगठ्याखाली एक छोटी दांडी आणि चार बटणं. उर्वशी त्याला 'तुमचं खेळणं' म्हणायची, आणि चौतीस वर्षांचा पोकलेन ऑपरेटर त्या शब्दावर चिडण्याऐवजी खूश व्हायचा. नव्या खेळांची त्याला हौस नव्हती. त्याचा मित्र जिशान चंद्रपूरला जटपुरा गेटजवळ मोबाईल दुरुस्ती करायचा. त्यानं त्यात इम्युलेटर टाकून दिला होता, म्हणजे जुन्या मशीनचं सोंग घेणारा प्रोग्रॅम. लहानपणी टीव्हीला जोडायचा जो व्हिडिओ गेम घरात होता, त्याच्या सगळ्या कॅसेटी आता या एका डब्यात चालत होत्या.

प्रफुलला त्यातली एकच हवी होती. कॅसेटवरचं चित्र त्याच्या लहानपणीच निघून गेलं होतं, त्यामुळं खेळाचं नाव कोणालाच माहीत नव्हतं. जिशाननं वीसेक खेळ लावून दाखवले आणि एकविसाव्याला प्रफुल दुकानात ओरडला, "हाच! हाच बे!" जंगलातून पळणारे दोन गडी, एक लाल आणि एक निळा. खड्डे ओलांडायचे, वरून गडगडत येणारे ओंडके चुकवायचे आणि एकमेकांना सांभाळत नदीपार जायचं.

लाल गडी रोशनीताईचा होता आणि निळा त्याचा. रोशनी त्याच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. बाबा ड्युटीवर, आई शाळेच्या खिचडीच्या कामावर, आणि दुपारभर ही दोघं टीव्हीपुढं मांडीला मांडी लावून. ताईनं त्याला भात कालवून भरवला, पाढे शिकवले, शाळेत मारामारी झाली तेव्हा समोरच्याच्या घरी जाऊन भांडून आली. जगात एका माणसावर डोळे मिटून विश्वास टाकायचा तर तो ताईवर, हे प्रफुलला कोणी शिकवावं लागलं नव्हतं. म्हणून आजही तो दोघांचा खेळ लावायचा, पहिल्याच खड्ड्यात लाल गड्याला पडू द्यायचा आणि निळ्याला घेऊन एकटा पुढं निघायचा.

२

एप्रिलच्या एका दुपारी, ऊन अगदी भाजत असताना, त्याला जेवणानंतरची सुस्ती आली होती. निळा गडी पळत होता. समोर खड्डा आला. प्रफुलला एक जांभई आली, आणि ती पुरी होण्याआधी गडी उडी मारून पलीकडं गेला. मग त्याचा अंगठा बटणावर दाबला गेला.

तो उठून बसला. आपण उलटं पाहिलं असणार, असं त्याला वाटलं. झोपेत माणसाला काहीही आधी-मागं दिसतं. त्यानं डोळ्यांवर पाणी मारलं आणि पुन्हा खेळायला बसला. पुढचे चार खड्डे नीट गेले. पाचव्याला पुन्हा तेच झालं. गडी आधी आणि अंगठा मागून, मध्ये डोळ्याची पापणी लवेल एवढाच वेळ.

त्यानं जिशानला फोन लावला. जिशान दुकानात होता, मागं कोणीतरी फोनच्या काचेवरून घासाघीस करत होतं.

"अरे, ते रन-अहेड असन," जिशान म्हणाला. "सेटिंगमधी राहते. खेळ दोन फ्रेम पुढं चालवून ठेवते, म्हणजे बटन दाबलं का लगेच उडी. उशीर वाटत नाई."

"दाबल्यावर ना?"

"मंग काय दाबायच्या आधी? मशीन आहे यार, ज्योतिषी नाई."

प्रफुलनं ते सेटिंग शोधलं. ते बंदच होतं.

मग त्यानं त्या डब्याची परीक्षा घ्यायची ठरवली. इम्युलेटरमध्ये एक सोय असते, खेळ कुठल्याही क्षणी गोठवून ठेवता येतो आणि मग हजार वेळा तिथूनच सुरू करता येतो. त्यानं खड्ड्याच्या चार पावलं अलीकडं खेळ गोठवला. आता उडी मारायची, असं मनात ठरवून ऐन वेळी मारायची नाही. दहा वेळा त्यानं फसवायचं ठरवलं आणि दहाही वेळा निळा गडी खड्ड्याच्या काठावर शांत उभा राहिला. त्यानं मन बदलून खरंच उडी मारायचं ठरवलं की मगच तो उडायचा. फक्त त्यानं मन बदललं आहे, हे गड्याला त्याच्या जरा आधी कळायचं.

ऊन डोक्यात गेलं, असं स्वतःशी म्हणत त्यानं यंत्र बंद केलं. कपबशा किणकिणल्या तेव्हा तो एवढा दचकला, की उर्वशी मशीन थांबवून आत आली.

३

उर्वशीला त्यानं सगळं सांगितलं. ती हसली नाही, हा तिचा स्वभाव. शिवणाऱ्या बाईला टाका नेमका कुठं चुकला ते पाहायची सवय असते. ती म्हणाली, "मोबाईलवर शूटिंग करू. हळू चालते ते."

तिनं स्टुलावर फोन टेकवला आणि स्लो मोशनवर लावला. चौकटीत पडदाही दिसत होता आणि त्याचे दोन्ही अंगठेही. प्रफुलनं मिनिटभर खेळून दाखवलं. मग दोघांनी डोक्याला डोकं लावून ते पाहिलं. फोनच्या पडद्यावर सगळं पाण्याखाली असल्यासारखं मंद चालत होतं. निळ्या गड्यानं गुडघे वाकवले, जमीन सोडली, हवेत वर गेला. अंगठा बटणाच्या वर तसाच अधांतरी होता. गडी खाली यायला लागला तेव्हा अंगठा सावकाश खाली गेला आणि बटण दाबलं गेलं.

"तुमचा अंगठा मागं राहून राह्यला," उर्वशी म्हणाली.

"मशीन खराब असन."

"द्या इकडं."

ती बसली. तिला खेळता येत नव्हतं, पण एवढ्यापुरतं यायची गरजही नव्हती. त्यानं तिचं शूटिंग केलं. तिचा अंगठा बटणावर गेला, बटण दाबलं, मग गडी उडाला आणि खड्ड्यात पडला. पुन्हा केलं, पुन्हा पडला. प्रत्येक वेळी आधी बटण, मग उडी, जसं असायला हवं तसं.

मशीन चांगलं होतं. प्रफुलला ते मशीन खराब असतं तर फार बरं वाटलं असतं.

त्यानं यंत्र पुन्हा घेतलं आणि खेळ चालू असताना दोन्ही हात उचलून बाजूला धरले. निळा गडी लगेच थांबला. ओंडका आला, अंगावरून गेला, गडी जागचा हलला नाही, मेला आणि पुन्हा सुरुवातीला उभा राहिला. प्रफुलनं हात परत मुठींवर ठेवले, बटणांना न लागता, नुसते ठेवले. निळा चालू लागला.

"बंद करा ते," उर्वशी म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "त्याले हात लागते तुमचे."

'त्याले' म्हणजे कोणाला, हे त्यानं विचारलं नाही. ती बाहेर गेली, पण मशीनची खडखड बराच वेळ सुरू झाली नाही.

४

खदानीत प्रफुलचं नाव होतं. अकरा वर्षं तो पोकलेन, म्हणजे दगड-माती उपसायचं मशीन, चालवत होता. बकेटच्या दातानं उघडी काडेपेटी बंद करून दाखवायचा, पेटी चेपायची नाही की काडी सांडायची नाही. 'हात साफ आहे पोराचा' असं सगळे म्हणायचे. पहिल्या दिवशी शिकवणाऱ्या उस्तादानंच विचारलं होतं, "पह्यलेपासून येते काय बे तुले?" प्रफुल तेव्हा लाजला होता. आतापर्यंत त्या आठवणीनं त्याची छाती फुगायची. आता ती आठवण आली की तो ती झटकून टाकायचा.

पोकलेनलाही दोन दांड्याच असतात, एक डाव्या हाताला, एक उजव्या. चार दिवस तो त्या दांड्यांकडं बघत काम करत होता आणि काही दिसत नव्हतं. इंजिनाच्या हादऱ्यात आधी काय आणि मागून काय, कळायला मार्ग नव्हता.

पाचव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला लटारूचा डंपर लागला होता. लटारू जुना ड्रायव्हर, दोघं डबा एकत्र खायचे. प्रफुलनं बकेट भरली, तिला धरणारी लांब बूम उचलली आणि डंपरकडं फिरवायला घेतली. अर्ध्यावर त्याचा डावा हात थांबला. दीड टन दगड हवेत तसेच लटकले. 'काऊन थांबलो मी?' असं प्रफुलच्या मनात आलं. त्याला काहीच दिसलं नव्हतं. धुळीत डंपरचं मागचं चाक होतं आणि बाकी सगळं रोजचंच होतं.

मग त्या चाकाच्या मागून लटारूचं पिवळं हेल्मेट बाहेर आलं. चाकात दगड अडकला म्हणून तो खाली उतरला होता, कोणाला न सांगता. तो बरोबर बकेटच्या खाली उभा होता आणि वर पाहत होता.

त्या दिवशी खदानभर प्रफुलचाच विषय. सुपरवायझरनं पाठ थोपटली. चहाला बसल्यावरही लटारूच्या तोंडात थट्टा होतीच. "तुह्या हाताले डोये हायेत काय बे? मले तं वाटलं, आता माही पाटी कोरी."

प्रफुल हसला, कारण सगळे हसत होते. ज्याच्या हाती ससा तो पारधी. ससा कोणी मारला, हे विचारतो कोण? अकरा वर्षांची शाबासकी, काडेपेटी, साफ हात, यातलं आपलं किती, याचा हिशोब त्याच्या डोक्यात सुरू झाला आणि तो करवेना. त्याहून वाईट दुसरी गोष्ट होती. आज ज्यानं बूम थांबवली, त्यानं ती थांबवायचं ठरवलं होतं. उद्या त्यानं दुसरं काही ठरवलं तर? खाली लटारू असेल आणि दांडीवर हात प्रफुलचेच असतील. पोलीस, कोर्ट, लटारूची बायको, सगळे त्याच हातांकडं बोट दाखवतील.

त्यानं पोट दुखतं असं सांगून चार दिवसांची रजा टाकली. लहानपणी काहीही बिघडलं की तो ताईकडं जायचा. आताही दुसरं कोणी सुचलं नाही.

५

रोशनी चंद्रपूरला तुकूममध्ये राहायची. एका खाजगी दवाखान्यात नर्स होती, लहान मुलांच्या वॉर्डात. प्रफुल बसनं पोचला तेव्हा बारा वाजले होते आणि ती नुकतीच ड्युटीवरून आली होती. नवरा कामावर, मुलगी कॉलेजात. घरात पंखा आणि कुकर, एवढेच आवाज होते.

"एकटाच आला? उर्वशीले आणाचं नाई काय?" ती म्हणाली. तिनं पाणी दिलं, त्याच्या कपाळावर हात ठेवून ताप पाहिला. त्या हाताखाली त्याला क्षणभर अगदी बरं वाटलं.

त्यानं पिशवीतून यंत्र काढून टेबलावर ठेवलं आणि खेळ सुरू केला. पडद्यावर लाल आणि निळा गडी शेजारी शेजारी उभे राहिले. रोशनीनं पाहिलं आणि मान दुसरीकडं वळवली.

"हे कुठून आणलं?"

"जिशाननं टाकून देलं. ताई, एक सांग. लहानपणी खेळताना तुले काही वेगळं दिसलं होतं काय? निळ्या गड्यात?"

"बंद कर पह्यलं."

त्यानं बंद केलं. मग बस लागून उलटी व्हावी तसं एका दमात सगळं सांगून टाकलं, जांभईपासून लटारूच्या हेल्मेटपर्यंत. ती ऐकत होती, पण तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य कुठंच आलं नाही. ते येईल म्हणून प्रफुल वाट पाहत होता. कुकरची शिट्टी झाली, तिनं उठून गॅस बंद केला आणि परत येऊन बसली.

"तुहं रिमोट कधी जोडलंच नव्हतं, प्रफुल."

"म्हणजे?"

"त्या डब्याचं दुसरं होल खराब होतं, पह्यलेपासून. तुह्या रिमोटची पिन मी शोकेसच्या मागं नुसती सोडून ठेवो."

प्रफुल मोठ्यानं हसला. सगळ्या घरांत थोरली भावंडं धाकट्यांना हेच करतात. हातात बिनजोडणीचं रिमोट द्यायचं, पोरगं बटणं बडवत बसतं आणि आपण खेळतो असं समजून खूश होतं. एवढ्या वर्षांनी ताईची चोरी पकडली गेली, याची त्याला मजा वाटली. मग हसता हसता तो मध्येच थांबला.

"पण निळा तं चाले, ताई."

"हो."

"तुह्या रिमोटनं?"

"माह्या रिमोटनं लालच चाले."

पंखा फिरत होता. टेबलावरचं वर्तमानपत्र त्याच्या वाऱ्यानं एका कोपऱ्यात उचलत होतं. रोशनीनं त्यावर पेला ठेवला.

"तुह्या आधी मी एकटीच खेळो," ती म्हणाली. "तवा निळा नुसता उभा राहे. मंग एका दुपारी आपल्यानं चालाले लागला. साजरा चाले. मी मागं राह्यली तं थांबे माह्यासाठी." तिच्या आवाजात थोडं कौतुक आलं होतं. ते ऐकून प्रफुलच्या अंगावर काटा आला. "मले वाटलं, कॅसेटच तशी असन. सोबत झाली मले. मंग दहावीचं वर्ष आलं. वही घेऊन बसली का पेन माह्या आधी चाले. उत्तर बरोबरच राहे. पण मी इचार कराच्या आधी लिहून राहे."

"मंग?"

तिनं वर्तमानपत्रावरचा पेला थोडा सरकवला.

"मंग काय केलं, ताई?"

"तू रोज रडत होता ना. मले पण दे, मले पण दे." तिनं त्याच्याकडं पाहिलं नाही. "मले वाटलं, त्याले हात पाहिजे. कोणाचे का असनात."

"मी सात वर्षांचा होतो."

"मी पण सोळाचीच होती. मले लय भेव वाटे, प्रफुल. तुह्या हातात रिमोट देलं, अन दुसऱ्या दिवशी वहीत माह्यानं गणित चुकलं. पह्यलं इचार केला, मंग लिहिलं, अन चुकलं. मी आनंदानं रडली त्या दिवशी."

"अन मले सांगितलं नाई. एवढी वर्षं."

"काय सांगू? तुहं तं चांगलंच झालं. पोकलेनवर नाव काढलं तू. मी लोकाईले सांगतो, माह्या भावाचा हात पाहा म्हणून."

प्रफुलला संताप आला, पण संतापाच्या आधी दुसरं काहीतरी आलं होतं, आणि ते फार जुनं होतं. दुपारभर मांडीला मांडी लावून बसणं, तिनं त्याला जवळ ओढणं, उन्हात खेळायला जाऊ न देणं. आपल्यावरची माया म्हणून त्यानं ज्या दुपारी आयुष्यभर जपल्या होत्या, त्या दुपारी ती फक्त खात्री करून घेत होती, की ते याच्याकडंच राहिलं आहे आणि परत फिरलेलं नाही. आपल्या रक्ताच्या माणसानं आपल्याला विकलं असतं तरी चाललं असतं, असं त्याला वाटलं. इथं तर तिनं त्याला फुकट देऊन टाकलं होतं.

६

त्यानं यंत्र उचललं आणि तिच्यापुढं धरलं.

"धर."

"नको."

"ताई, एकदाच धर. माह्या बकेटखाली लटारू राहते. त्याले तीन लेकरं आहेत. एखाद्या दिवशी ह्या निळ्यानं बकेट नाई थांबवली तं? तू मोठी आहेस ना? धर."

रोशनीनं दोन्ही हात ओढणीखाली घेतले. कोपरापर्यंत गुंडाळून घेतले आणि खुर्ची मागं सरकवली.

"मी दोन-दोन दिवसांच्या लेकरांले सलाईन लावतो," ती म्हणाली. "दोऱ्याएवढी नस राहते त्याईची. माहे हात माहेच पाहिजे मले. नोकरी सोड तू. दुसरं काही कर, किराणा टाक. पण मले नको मागू."

सत्तावीस वर्षांपूर्वी ती घाबरलेली मुलगी होती, एवढं तो कदाचित समजून घेऊ शकला असता. पण आता समोर त्रेचाळीस वर्षांची शहाणी बाई बसली होती, सगळं माहीत असलेली, आणि तिनं पुन्हा तेच केलं होतं. फरक इतकाच, की या वेळी त्याला ते दिसत होतं.

त्यानं यंत्र टेबलावर आपटलं. तो उभा राहिला. या घराची पायरी पुन्हा चढायची नाही, मेलीस तरी येणार नाही, असं तिच्या तोंडावर सांगायचं त्यानं ठरवलं आणि शब्द जुळवायला लागला. त्याचे हात दोन्ही बाजूंना नुसते लोंबत होते. सहज त्याची नजर उजव्या हातावर गेली. अंगठ्याचं नख पांढरं पडत होतं. मग शेजारच्या बोटाचं पडलं, मग त्याच्या शेजारचं. बोटं कशालाच टेकलेली नव्हती. वरून एकेका बोटावर कोणीतरी आपलं बोट ठेवून दाबावं, तशी ती नखं पांढरी होत गेली.

रोशनीनंही ते पाहिलं.

हात वर उठला. प्रफुलला वाटलं, आता हा तिला मारणार. आणि खरं सांगायचं तर त्याला त्याचं वाईटही वाटलं नाही. रोशनीनं डोळे मिटून घेतले.

हात तिच्या खांद्यावर अलगद टेकला. त्यानं दोनदा हलकेच थोपटलं, घाबरलेल्या माणसाला थोपटतात तसं.

तिनं डोळे उघडले. तिनं प्रफुलच्या चेहऱ्याकडं पाहिलं नाही, खांद्यावरच्या हाताकडं पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, चेहरा सैल झाला, आणि ती त्या हाताशी अगदी हळू, ओळखीच्या आवाजात बोलली.

"मले माहीत होतं. तू समजून घेशीन."

प्रफुलनं तिला माफ केलं नव्हतं. त्याच्या मनात माफीचा मागमूस नव्हता. पण हात पुढं गेला की किती वेळानं मन त्याच्यामागून जातं, हे आता त्याला माहीत झालं होतं. तसं होऊ नये म्हणून तो दात आवळून उभा राहिला. वहीपुढं बसलेली ताई, शोकेसमागं लोंबणारी पिन, ओढणीत लपवलेले हात, हे सगळं तो डोळ्यांपुढं घट्ट धरून ठेवायला लागला. पंखा फिरत होता. खांद्यावर हात थोपटत होता. आणि प्रफुलच्या छातीतला राग, त्याची परवानगी न विचारता, हळूहळू निवळायला लागला.